अमेरिकेतल्या वसाहतकाळातला पूर्वज कसा शोधावा

त्र्यंबकेश्वरला गेलं की घराण्याचे तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि पणजोबांच्या नावाची नोंद समोर ठेवतात. अमेरिकेत अशी वही कुणी ठेवलेली नाही. तिथल्या घराण्याचा इतिहास चर्चच्या रजिस्टरांत, कोर्टाच्या दप्तरांत, करवसुलीच्या याद्यांत आणि खरेदीखतांत विखुरलेला आहे, आणि प्रत्येक वसाहतीची नोंद ठेवण्याची रीत निराळी. सून किंवा जावई अमेरिकी असेल आणि नातवंडांसाठी त्या बाजूची वंशावळ खात्रीने मांडायची असेल, तर १६०७ ते १७७६ हा टप्पा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रंजक. पुण्यात किंवा नागपुरात बसूनही यातलं बरंचसं काम फुकट होतं. पण क्रम सांभाळावा लागतो.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. वसाहतकाळात बाप-मुलाचं नातं बहुतेक वेळा जन्माच्या दाखल्यातून सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं जमिनीतून आणि मृत्युपत्रातून. शोधाची सगळी आखणी यावरच करायची.

आजपासून मागे, एकेक पिढी

सुरुवात हयात माणसापासून करा. त्याचा जन्मदाखला, त्यावर आईवडिलांची नावं. त्यांचा विवाहदाखला, मृत्युदाखला. मग त्यांचे आईवडील. मेफ्लॉवरवरचं एखादं प्रसिद्ध नाव पकडून तिथून खाली उतरत येणं ही सर्रास होणारी चूक आहे. आडनाव जुळतं म्हणून रक्त जुळत नाही. १६२० साली त्या जहाजावर १०२ प्रवासी होते आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे दगावले. उरलेल्यांच्या वंशजांवर एवढं काम झालं आहे की तुमची साखळी खरी असेल तर ती खालून वर जाऊन आपोआप तिथे पोचेल.

सरकारी दाखले मात्र फार मागे जात नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यपातळीवरची नोंद १८४१ पासून, पेनसिल्व्हेनियात १९०६ पासून, साउथ कॅरोलायनात १९१५ पासून. व्हर्जिनियात ती १८५३ साली सुरू झाली, १८९६ ला बंद पडली आणि १९१२ ला पुन्हा सुरू झाली. त्याआधीचा आधार म्हणजे जनगणना. ती दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी खुली होते. सध्या १९५० पर्यंतची पाहता येते. १८८० पासून प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांची जन्मराज्यं लिहिलेली असतात. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी १९२१ च्या आगीनंतर हातची गेली, म्हणून १८८० वरून थेट १९०० वर उडी मारावी लागते. १८५० हे पहिलं वर्ष, जेव्हा घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव, वय आणि जन्मराज्य लिहिलं गेलं.

१७९० ते १८५०: इथे साखळ्या तुटतात

१७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीची माणसं नुसते आकडे: १६ वर्षांखालचे मुलगे इतके, स्त्रिया इतक्या. त्यातही १७९० ची डेलावेअर, जॉर्जिया, न्यू जर्सी, व्हर्जिनिया या राज्यांची, आणि केंटकी-टेनेसीचीही, कागदपत्रं हरवली आहेत. याच साठ वर्षांत लोक ऍपलाचियन डोंगर ओलांडून पश्चिमेला गेले. ओहायोत १८५० साली सापडलेला सत्तरीतला म्हातारा 'जन्म: व्हर्जिनिया' एवढंच सांगतो, आणि व्हर्जिनिया तर केवढी मोठी.

या दरीवरचा सर्वांत भक्कम पूल म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनची कागदपत्रं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा सुमारे ८०,००० फायली आहेत. १८०० च्या नोव्हेंबरात युद्धखात्याला आग लागली आणि त्याआधीचे अर्ज जळाले, पण मोठे कायदे त्यानंतरचे आहेत. १८१८ चा कायदा गरजू सैनिकांसाठी होता. १८२० पासून त्यांना मालमत्तेची यादी जोडावी लागली, म्हणून त्या अर्जांत घरात कोण कोण आहे, कुणाचं वय काय, कोण आजारी, हे सगळं येतं. १८३२ च्या कायद्याखाली अर्जदाराला कोर्टात ठरलेले प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कोणत्या साली, वयाची काही लेखी नोंद आहे का, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात. पश्चिमेला गेलेल्या माणसाचा मूळ गाव सापडायला याहून चांगला कागद नाही. १८३६ पासून विधवांनाही पेन्शन मिळू लागली. लग्नाचा पुरावा म्हणून कित्येक जणींनी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पानच फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आजही फायलींत आहेत.

या फायली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये फुकट पाहता येतात. दक्षिणेकडच्या सैनिकांच्या अर्जांची टंकलिखित रूपंही इंटरनेटवर मोफत आहेत. अर्ज फेटाळला गेला असेल तरी फाइल मागवाच. फेटाळलेल्या अर्जांत साक्षीपुरावे जास्त असतात.

काउंटी सरकते, माणूस तिथेच असतो

अमेरिकेत दप्तर काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, असतं, आणि काउंट्या सतत फुटत गेल्या. शेनान्डोआ खोऱ्यातलं एक शेत घ्या. १७३४ साली ते ऑरेंज काउंटीत. १७३८ साली ऑगस्टा काउंटी कागदावर आली, पण तिचं कोर्ट १७४५ पर्यंत भरलंच नाही, म्हणून तोवरची खतं ऑरेंजच्याच दप्तरात. १७७८ साली त्याच शेताची रॉकिंगहॅम काउंटी झाली. माणूस पन्नास वर्षं एकाच घरात राहिला आणि त्याची कागदपत्रं तीन कोर्टांत गेली. आज ज्या काउंटीत गाव आहे तिथेच शोधून 'काही मिळालं नाही' म्हणणारे निम्मे लोक इथेच अडकलेले असतात.

शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या सीमांचे नकाशे तारीखवार तयार करून मोफत ठेवले आहेत. शोध सुरू करण्याआधी आपल्या ठिकाणापुरता तक्ता करा: साल, काउंटी, दप्तर आता कुठे आहे, कुठली वर्षं जळाली. व्हर्जिनियात हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. यादवी युद्धात हॅनोव्हर, जेम्स सिटी अशा काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर सोडताना लागलेल्या आगीत ती तिथेच जळाली. अशा 'जळक्या' काउंटीत राज्याच्या राजधानीत वेगळं राहिलेलं साहित्य कामी येतं: जमीनपट्टे, १७८२ पासूनच्या जमीन आणि मालमत्ता कराच्या याद्या, पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या.

प्रत्येक वसाहतीची रीत

न्यू इंग्लंडची नोंद सर्वांत चांगली. १६२० ते १६४० दरम्यान सुमारे वीस हजार माणसं तिकडे आली, आणि मॅसॅच्युसेट्सने १६३९ सालीच जन्म, विवाह, मृत्यू नोंदवायचा हुकूम काढला. इथे एकक काउंटी नाही, टाउन. बऱ्याच टाउनांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापून निघाल्या आहेत. छापताना मात्र त्या वर्णानुक्रमे लावल्या. मूळ वहीत बऱ्याच ठिकाणी एका घरातली भावंडं एकाखाली एक, एकाच शाईत लिहिलेली असतात. तो क्रमच पुरावा असतो, आणि छापील पुस्तकात तो मोडतो. म्हणून मूळ पानाचं छायाचित्र बघायचंच.

जमिनीचं दप्तर मॅसॅच्युसेट्समध्ये काउंटीचं, तर कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हर्मॉंटमध्ये टाउनचं. ऱ्होड आयलंडमध्ये मृत्युपत्रंही टाउनमध्येच. आणखी एक कागद इथे हमखास शोधावा. नव्याने आलेल्या कुटुंबाला टाउन लेखी बजावत असे की इथून निघून जा. बहुतेक लोक जात नसत. पुढे ते कंगाल झाले तर पोसायची जबाबदारी टाउनवर पडू नये एवढाच त्यामागचा हेतू. पण त्या नोटिशीत ते कुटुंब कुठल्या टाउनमधून आलं हे लिहिलेलं असतं, कधी बायकामुलांच्या नावांसकट.

मराठी वाचकाला सरावासाठी एक नाव जवळचं आहे: अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार. त्यांचा जन्म १७९५ सालचा, न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरोचा. १८२७ साली त्या मुंबईला आल्या आणि १८६२ साली नगरला वारल्या. त्यांच्या घराण्याचा शोध घ्यायचा तर आधी मार्लबरो टाउनच्या वह्या, मग चेशर काउंटीची खतं आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रांचं आणि वारसांचं दप्तर. ही काउंटी १७६९ साली ठरली, म्हणजे त्याआधीचं सगळं प्रांताच्या दप्तरात. त्या भागातली बरीच घराणी मॅसॅच्युसेट्समधून वर सरकलेली, त्यामुळे पुढची पायरी तिकडची. अमेरिकन मराठी मिशनच्या त्या काळातल्या इतर अनेक माणसांचा मागही असाच न्यू इंग्लंडच्या टाउनांत जातो. त्यांची पत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत.

न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांचं होतं, आणि तिथली नावं आपल्याला पटकन उमगतात. यान पीटरसन म्हणजे पीटरचा मुलगा यान; यानचा मुलगा पीटर यानसन. आपलं मधलं नाव जसं वडिलांचं, तसंच, फक्त आडनाव नाही. म्हणून आडनावाने शोधायला गेलात तर प्रत्येक पिढीत हरवाल. फायदा असा की डच बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानेच नोंदली जाते, आणि १६३९ पासूनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत साक्षीदारांची नावं असतात. हे साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, काका, मावश्या. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे साक्षीदार एका कागदावर मांडा. दोन्हीकडचं घर दिसायला लागतं.

पेनसिल्व्हेनियात क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि जर्मन. क्वेकर माणूस गाव बदलताना आपल्या सभेकडून दाखला घेऊन नव्या सभेत देत असे, त्यामुळे मुक्कामामागून मुक्काम कळत जातो. हे दप्तर मुख्यतः स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांत आहे. जर्मनांसाठी १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या १६ वर्षांवरच्या पुरुषांच्या निष्ठाशपथेच्या याद्या आहेत. कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजी नाव लिहिलं आणि शेजारी माणसाने स्वतः जर्मन सही केली; सही खरी धरायची. इथे देवनागरी उपयोगी पडते. नाव उच्चारून देवनागरीत लिहा आणि इंग्रज कारकुनाला ते कसं ऐकू गेलं असेल याची यादी करा. म्युलरचा मिलर होतो, त्सिमरमानचा भाषांतर होऊन कार्पेंटर, श्नायडरचा कुठे स्नायडर तर कुठे टेलर.

व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये जन्मनोंदी चर्चच्या पॅरिशकडे, आणि त्यांतल्या फार थोड्या टिकल्या. इथे १६१८ पासून एका माणसाला समुद्रापार आणण्याच्या खर्चाबद्दल ५० एकर जमीन मिळे. त्याला हेडराइट म्हणत. या याद्या व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयात ऑनलाइन आहेत आणि त्यांचा गैरअर्थ फार काढला जातो. पट्ट्याची तारीख ही आगमनाची तारीख नव्हे. हक्क विकले जात, वर्षानुवर्षं पडून राहत, एकाच माणसाच्या नावावर दोनदा जमीनही घेतली जाई. 'तो १६५२ साली आला' असं कुठे दिसलं, तर 'तो १६५२ च्या आधी आला असावा' एवढंच वाचा.

बंदरावर उतरणाऱ्यांची नियमित यादी १८२० पासूनची. त्याआधीच्या जहाजयाद्या तुरळक आहेत, त्यामुळे अमक्या जहाजाने आला हे बहुतेक घराण्यांत कधीच कळत नाही.

मृत्युपत्र

कोर्टाच्या वहीत असते ती कारकुनाने उतरवलेली नक्कल. काही ठिकाणी सुटे मूळ कागदही टिकले आहेत, आणि त्यांत मृत्युपत्रापेक्षा जास्त माल असतो: मालमत्तेची यादी, मुलांच्या पालकत्वाचे जामीन, वाटा मिळाल्याच्या पावत्या. मुलीचं लग्न नंतर झालं असेल तर मृत्युपत्रात तिचं नुसतं नाव, पण पावतीवर नवऱ्याची सही. जावयाचं आडनाव तिथे सापडतं.

मृत्युपत्र न करता माणूस वारला असेल, तर त्याच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्याला जामीनदार कोण ते पाहा. विधवेच्या जामिनाला बहुधा तिचा बाप किंवा भाऊ उभा राहतो, आणि वसाहतकाळातल्या बाईचं माहेर शोधायला यासारखी वाट नाही.

वाचताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. 'मुलाला एक शिलिंग' म्हणजे बापाने त्याला टाकलं असा अर्थ लावतात. बहुधा त्याला लग्नाच्या वेळीच जमीन देऊन झालेली असते. मृत्युपत्रातली बायको ही सगळ्या मुलांची आई असेलच असं नाही. 'माझी आताची बायको' या शब्दांवरून आधीची होती असंही ठरत नाही. ती कायद्याची भाषा आहे. 'सन-इन-लॉ' हा शब्द त्या काळी सावत्र मुलालाही लावत, 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो, आणि 'ब्रदर' कधी कधी चर्चमधला बंधू. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' बापलेक असतीलच असं नाही. गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर. मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो, आणि एकाच माणसाची दोन माणसं होऊन वंशावळीत बसतात.

व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्याने बदल होईपर्यंत मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. म्हणून मृत्युपत्रात थोरल्याचं नावच नाही, किंवा एखादा माणूस कधी विकत न घेतलेली जमीन विकतो आहे, तर तो थोरला वारस असण्याची शक्यता धरा आणि त्या जमिनीचा आधीचा मालक शोधा. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट वाटा मिळे, बाकीच्यांना एकेक. वाटे मोजले की भावंडं किती ते कळतं.

खरेदीखत, आणि ते कागदावर कसं काढायचं

आपल्या खरेदीखतात चतुःसीमा असतात, तशाच तिथे. 'पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून उत्तरेस १६० पोल, अमक्याच्या हद्दीपर्यंत.' एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ३२० पोलांचा मैल. १६० चौरस पोलांचा एक एकर. 'उत्तर ३० पूर्व' म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे ३० अंश वळलेली रेषा.

आलेखाचा कागद, कोनमापक आणि पट्टी घ्या. एक सेंटिमीटरला २० पोल धरा. समजा रेषा आहेत: उत्तर १६०, पूर्व १००, दक्षिण १६०, पश्चिम १०० आणि मूळ ओकपाशी. कागदावर ८ बाय ५ सेंटिमीटरचा आयत झाला. १६० गुणिले १००, भागिले १६०, बरोबर १०० एकर. खतातही १०० एकर लिहिलं असेल तर वाचन बरोबर. आकृती शेवटी मिटत नसेल तर बहुधा नक्कल करताना एक रेषा गळली आहे किंवा उत्तरेच्या जागी दक्षिण झालं आहे. आधीच्या मालकाच्या खतात तीच जमीन बघा. जुनी मोजणी होकायंत्राची, आणि चुंबकीय उत्तर सरकत असते, त्यामुळे आजच्या नकाशावर ठेवताना सगळी आकृती काही अंशांनी फिरवावी लागेल.

एवढा खटाटोप कशाला? कारण त्याच काउंटीत त्याच नावाचे तीन जण असतात. नाव सारखं, पण जमीन वेगळी. एक ओढ्याच्या उगमाशी, दुसरा नदीच्या वळणावर. कोणती जमीन कुणाकडून आली आणि कुणाला गेली हे काढलं की तिघे आपोआप वेगळे होतात. शेजाऱ्यांच्या आकृत्याही काढून शेजारी लावा. मुलींची लग्नं बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात झालेली दिसतील.

खतांची सूची दोन प्रकारची असते, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही बघा. वारस मिळून विकतात तेव्हा सूचीत पहिल्याचंच नाव येतं, 'आणि इतर' म्हणून बाकीचे झाकले जातात. अवघ्या पाच शिलिंगांना शंभर एकर दिसलं तर थांबा: एकतर बाप मुलाला किंवा सासरा जावयाला देतो आहे, किंवा ती विक्रीची पहिली पायरी आहे. त्या काळी एकाच विक्रीचे दोन कागद करत, आदल्या दिवशी नाममात्र भाडेपट्टा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण किमतीचं हक्कसोडपत्र. त्या दोन विक्री समजू नका. विकताना बायकोला तिच्या तिसऱ्या हिश्शाचा हक्क सोडावा लागे, आणि कोर्ट तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत असे की हे राजीखुशीने आहे का. त्या एका ओळीत तिचं नाव मिळतं. पुष्कळ बायकांचं नाव आयुष्यभरात फक्त तिथेच आलेलं असतं.

हे सगळं शोधण्यासाठी फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ पुरतं. आधी त्याचा कॅटलॉग ठिकाणानुसार उघडा, कारण बरीच दप्तरं नावाच्या शोधात येतच नाहीत, पानं उलटावी लागतात. २०२४ पासून तिथे हस्तलिखित खतं आणि मृत्युपत्रं यंत्राने वाचून शोधता येतात. यंत्र नाव चुकवतं, तेव्हा नावाऐवजी ओढ्याचं किंवा शेजाऱ्याचं नाव टाकून पाहा. काही चित्रं घरून उघडत नाहीत, फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात उघडतात. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्लीची खूण दिसली की ते समजावं.

तारखा

१७५१ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागे; १७५२ पासून ते १ जानेवारीला लागू लागलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. याचा परिणाम असा: वहीत लग्न १० एप्रिल १७१७ चं आणि पहिलं मूल ३ फेब्रुवारी १७१७ चं. घाईने वाचणारा म्हणेल, मूल लग्नाच्या दोन महिने आधीचं. खरं तर तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७१८ चा, लग्नानंतर दहाव्या महिन्यातला. अशी तारीख १७१७/१८ अशीच उतरवा, सुधारून लिहू नका. क्वेकर महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहीत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च. डच मात्र आधीपासूनच नवं पंचांग वापरत, म्हणून न्यूयॉर्कमध्ये १६६४ च्या मागेपुढे दोन्ही बघा. थडग्यावरचं 'वयाच्या ७३ व्या वर्षात' म्हणजे ७२ पूर्ण.

वयाचा अंदाज कायद्यावरूनही बांधता येतो. जमीन विकायला २१ पूर्ण हवीत. १४ झालेला मुलगा आपला पालक स्वतः निवडू शके; लहान असेल तर कोर्ट नेमत असे. व्हर्जिनियाच्या करयादीत मुलगा १६ व्या वर्षी बापाच्या नावाखाली मोजला जातो आणि २१ नंतर स्वतःच्या नावाने येतो. सलग दहा वर्षांच्या याद्या एकाखाली एक लावल्या की घरातल्या मुलग्यांची वयं जवळपास नेमकी निघतात.

गुलाम केलेले पूर्वज, आणि ईस्ट इंडियन

आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशजांना १८७० ची जनगणना ही पहिली, जिथे सगळ्यांची नावं आहेत. त्यामागे जायचं तर मालकाच्या घराण्याचा शोध घ्यावा लागतो: त्याच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी, वाटण्या, कर्जखतं. त्या याद्यांत माणसांची नावं गुराढोरांच्या शेजारी किमतीसकट लिहिलेली असतात. वाचवत नाही, पण आई आणि मूल एकत्र लिहिल्याचा पुरावा बहुतेक वेळा तिथेच मिळतो. १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मूल गुलाम की मुक्त हे आईवरून ठरत असे, म्हणून इथे आईची बाजू आधी लावा. १८६५ ते १८७२ च्या फ्रीडमेन्स ब्युरोची (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याची) कागदपत्रं मधला दुवा पुरवतात.

व्हर्जिनियाच्या १६३० च्या दशकातल्या जमीनपट्ट्यांत 'टोनी, ईस्ट इंडियन' असं नाव आहे, आणि पुढच्या शतकातल्या वर्तमानपत्रांत पळालेल्या 'ईस्ट इंडिया इंडियन' नोकरांच्या जाहिराती येतात. ही हिंदुस्थानातली माणसं, जहाजांबरोबर इंग्लंडमार्गे गेलेली. कारकून पुढच्या नोंदीत 'ईस्ट' गाळून टाकत किंवा दुसऱ्याच वंशाचा शब्द लिहीत, त्यामुळे एकाच माणसाचं वर्णन तीन कागदांवर तीन असू शकतं. त्या एका शब्दावरून कोकण किंवा गोवा गाठता येत नाही. बंदराचं नाव सहसा नसतंच.

दुसऱ्याने केलेली वंशावळ

इंटरनेटवरची झाडं सूचना म्हणून वाचा, पुरावा म्हणून नको. साधा हिशेब करून पाहा: आईचं वय पहिल्या मुलाच्या वेळी नऊ तर नाही, शेवटच्या वेळी साठ तर नाही? मूल बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी तर जन्मलेलं नाही? 'तीन भाऊ आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला' ही कथा शेकडो घराण्यांत आहे. तिच्यावर काही उभारू नका. छापील पुस्तकांतही सावध राहा. गुस्ताव्ह आंजू नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून श्रीमंत अमेरिकनांना खोट्या वंशावळी करून विकल्या, आणि त्या अजूनही नकलल्या जातात. स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या स्त्री-वंशजांच्या, १८९० साली स्थापन झालेल्या डीएआर या संस्थेची मोफत सूची उपयोगी आहे, पण तिथले जुने अर्ज आजच्या कसोटीला उतरत नाहीत. अर्जाबरोबर जोडलेले कागद मागवा.

डीएनएवर फार भिस्त ठेवू नका. आठ पिढ्या मागे २५६ पूर्वज होतात, एकेकाचा वाटा सरासरी अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि कित्येकांचा शून्य. जुन्या न्यू इंग्लंडमध्ये घराणी आपापसांत इतकी गुंतली आहेत की जुळलेला भाग कुठल्या पूर्वजाचा हेच ठरत नाही. फक्त बाप-मुलगा अशा सरळ पुरुषरेषेसाठी वाय गुणसूत्राची चाचणी कामाची: एका नावाच्या दोन घराण्यांचं मूळ एक की वेगळं, हे ती स्पष्ट सांगते.

समुद्रापार

हे सगळ्यात शेवटी. इंग्लंडमध्ये पॅरिशची रजिस्टरं १५३८ पासूनची, पण १६४० आणि १६५० च्या दशकांत तिथल्या यादवी युद्धामुळे त्यांत मोठ्या फटी आहेत. नाव आणि साल जुळणारा बाप्तिस्मा सापडला की हातून चूक होते, कारण तशी नावं पंचक्रोशीत चार निघतात. जोडणारा कागद हवा: इंग्लंडमधल्या बापाच्या मृत्युपत्रात 'न्यू इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या मुलाला' अशी ओळ, किंवा अमेरिकेतल्या माणसाने विलायतेतली जमीन विकल्याचं खत. कॅंटरबरीच्या कोर्टात सिद्ध झालेली मृत्युपत्रं लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बाप्तिस्मा सापडला तर त्याच रजिस्टरात पुढची वीस वर्षं दफनाच्या आणि लग्नाच्या नोंदी वाचा. त्याच नावाचं मूल दोन वर्षांनी पुरलेलं असेल, किंवा तो तरुण तिथेच लग्न करून मुलंबाळं वाढवताना दिसला, तर तुमचा माणूस तो नव्हे. शेजारच्या पॅरिशचं रजिस्टर उघडा.